माफीआधी नमुना ९ उघडा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. चाकरमानी गावात उतरलेले असतात. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला नळाची जोडणी, कुणाला घराचा उतारा. यंदा मात्र दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी एकच प्रश्न होता, "काय वो, घरपट्टीत सूट हाय ना औंदा?" त्याच गर्दीत आमच्या वाडीतली एक काकू उभी होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली. नागपंचमी झाली की ती दरवर्षी येते. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या वीसेक वर्षांच्या पावत्या रबर लावून ठेवलेल्या असतात. सातशे चाळीस रुपये तिने मोजून दिले, पावती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, ज्यांनी भरली नाय त्यांची अर्धी माफ. मग माजी पुरी कशाला घेतलीत?" मी त्या पंचायतीचा जुना सदस्य, म्हणून तिने मला विचारलं. मला काही सांगता आलं नाही.

थकबाकीदारांना सवलत द्यायची, म्हणजे सरकारी भाषेत अभय योजना काढायची, यावर गेलं वर्षभर आमच्या भागात वाद चालू आहे. घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीत निम्मी सूट, नगरपरिषदेच्या शास्तीत, म्हणजे कर थकल्यावरच्या दंडात, माफी, व्यापाऱ्यांच्या जुन्या विक्रीकरात तडजोड, असे तिन्ही विषय एकाच पिशवीत भरून लोक भांडतात. एक बाजू म्हणते, ही चोरांना बक्षिसी आहे. दुसरी म्हणते, गोरगरिबांना दिलासा मिळतोय तर तुमच्या पोटात का दुखतं? दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे आणि दोन्ही बाजूंनी एक साधी गोष्ट केलेली नाही. थकबाकी म्हणून जो आकडा आपण सांगतो, तो कशाचा बनलेला आहे, हे कुणी उघडून पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अभय द्यायला माझा विरोध नाही. व्याज, दंड, शास्ती माफ करा. ज्याची ऐपत खरोखर नाही त्याची मुद्दलही खुशाल सोडा, पण ती त्याचं नाव घेऊन, त्याची परिस्थिती पाहून आणि ग्रामसभेसमोर. सगळ्यांच्या मुद्दलात सरसकट निम्मी कपात करून, अमुक तारखेपर्यंत या आणि मोकळे व्हा असं सांगणं मात्र अन्यायाचं आहे. शिवाय त्याने वसुलीही सुधारत नाही. आणि कोकणात तर ही योजना ज्या रोगावर औषध म्हणून दिली जाते, तो रोगच वेगळा आहे.

तो रोग पाहायचा तर कचेरीतलं नमुना ९ उघडावं लागतं. ज्यांना ही दप्तरं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही: घर कुणाचं, केवढं, कशाचं, त्यावर कर किती. नमुना ९ म्हणजे मागणीची नोंदवही: मागची बाकी, चालू मागणी आणि एकूण. नमुना १० म्हणजे हातात मिळते ती पावती. मी सदस्य असताना एका पावसाळ्यात, बाहेर जायची सोय नव्हती म्हणून, एका वाडीची नमुना ९ ची पानं ओळीने वाचून काढली होती. शेजारी वाडीतलाच एक म्हातारा माणूस बसवला होता. मी नाव वाचायचं आणि त्याने सांगायचं. "ह्यो वारला, पंधरा वर्षं झाली." "ह्यांचं घर पडलं, नुसतं जोतं उरलंय, त्यावर सागवान उभं राहिलंय." "ह्ये दोन खाती म्हणजे येकच घर, भावाभावांत वाटण्या झाल्या तवा दोनदा लिवलं." "ह्यो मुंबैला हाय, नालासोपाऱ्याला, ह्याला बिलच जात नाय." पानामागून पान असंच. ज्यांना खरोखर थकबाकीदार म्हणावं, म्हणजे माणूस जिवंत आहे, घर उभं आहे, बिल मिळालं आहे आणि तरी भरलेलं नाही, अशी खाती त्या वाडीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. त्यांतलीही दोन-तीन अशी होती, ज्यांच्या अंगणात चारचाकी उभी असायची.

म्हणजे त्या थकबाकीचा बराच भाग कागदावरचा होता. मेलेल्या माणसावर आणि पडलेल्या घरावर आपण दरवर्षी नवी मागणी चढवतो आणि मार्च आला की वसुलीची टक्केवारी कमी म्हणून डोकं धरतो. आता या आकड्यावर निम्मी माफी लावली तर काय होईल? मेलेला माणूस निम्मे पैसे भरायला येणार नाही. पडलेल्या घराचा निम्मा कर कुणी आणून देणार नाही. माफीचा फायदा घ्यायला येतील ते अंगणात चारचाकी असलेले. खोटी बाकी वहीत तशीच राहील, खरी बाकी निम्मी होऊन निघून जाईल, आणि पुढच्या वर्षी टक्केवारी पुन्हा तिथेच.

पण समोरच्या बाजूचं म्हणणं पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे काही मुद्दे असे आहेत की ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलायचा अधिकार मला नाही.

पहिला मुद्दा दंडाचा. नगरपरिषदेच्या हद्दीत मालमत्ता कर थकला की महिन्याला दोन टक्के शास्ती बसते. वर्षाला चोवीस टक्के. पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाइतकी होते. बँकेत सोनं गहाण ठेवलं तरी एवढं व्याज लागत नाही. नोकरी गेलेला, आजारपणात बुडालेला माणूस एकदा मागे पडला की मग तो कधीच गाठत नाही. आणि गाठता येत नाही हे कळलं की भरणंच सोडतो. ही शास्ती माफ करणं म्हणजे मेहेरबानी नव्हे. तो दर मुळातच बेताल आहे, तो कायमचा खाली आणायला हवा. दर तसाच ठेवायचा आणि दर दोन-तीन वर्षांनी माफी जाहीर करून लोकांकडून आभार घ्यायचे, हा प्रकार मला पटत नाही.

दुसरा मुद्दा आपत्तीचा, आणि तो कोकणाला कुणी शिकवायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत माडा-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. सुपारीची बाग पुन्हा धरायला लागायची तर सहा-सात वर्षं जातात. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा माल गेला तो गेलाच, पण हिशेबाच्या वह्या, खरेदीची बिलं, संगणक, सगळं चिखलात गेलं. कर खात्याची जुनी नोटीस आली तर तो व्यापारी काय दाखवणार होता? चिखल? अशा माणसाला अभय मिळायलाच हवं, आणि त्यासाठी त्याला पुढच्या योजनेची वाट पाहायला लावणंही चूक आहे.

तिसरा मुद्दा खर्चाचा. दोनशे रुपये वसूल करायला पाचशे रुपयांचा कागद आणि माणसाचा दिवस जाणार असेल तर ते दोनशे सोडून देण्यात शहाणपण आहे. २०२२ च्या राज्याच्या अभय योजनेत जीएसटीपूर्वीच्या करांपैकी वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतची बाकी पूर्ण सोडून दिली, ते मला योग्य वाटतं. वर्षानुवर्षं अपिलात पडलेली लहान प्रकरणं निकालात निघाली, खात्याची माणसं मोकळी झाली. मुद्रांक शुल्काच्या २०२३ च्या योजनेतही असंच काही चांगलं होतं. १९८० पासूनचे दस्त त्यात घेतले होते. गिरणगावातली किंवा उपनगरातली खोली तेव्हा साध्या कागदावर घेतलेल्या किती कोकणी माणसांना त्यातून वाट मिळाली. ती माणसं काही कर बुडवायला बसली नव्हती. कुणीतरी सांगितलं एवढा कागद पुरतो, त्यांनी विश्वास ठेवला.

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण नीट पाहा, यातला एकही मुद्दा सरसकट मुद्दल कापायला आधार देत नाही. पहिला दंडाबद्दल आहे, दुसरा विशिष्ट माणसाच्या ऐपतीबद्दल, तिसरा क्षुल्लक रकमांबद्दल. आणि इथेच गावाचा आणि शहराचा हिशेब वेगळा होतो. नगरपरिषदेच्या थकबाकीत शास्तीचा डोंगर असतो. ग्रामपंचायतीच्या पावतीवर मात्र वेळेत भरलं तर पाच टक्के सूट आणि उशीर झाला तर दंडही पाच टक्क्यांचाच. म्हणजे गावातली थकबाकी ही जवळजवळ सगळी मुद्दलच आहे. शहरात 'निम्मी माफी' म्हटलं की जुलमी शास्ती कमी होते. गावात तेच शब्द वापरले की काकूने जो कर पूर्ण भरला, तोच कर शेजाऱ्याला अर्धा होतो. शब्द एक, पण अर्थ दोन. हा फरक वादात कुणी काढतच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

"निदान पैसे तर हातात येतात," हे पुढचं उत्तर असतं. पंचायतीचा जुना माणूस म्हणून मला या वाक्याची ओढ समजते. मार्च महिन्यात पाणी योजनेचं वीजबिल थकलेलं असतं, पंपावरच्या माणसाचा दोन महिन्यांचा पगार राहिलेला असतो, तेव्हा कुणी निम्मे घेऊन आला तरी त्याला खुर्ची द्यावीशी वाटते. पण या 'निदान'चा आपल्या देशातला इतिहास पाहा. उत्पन्न स्वतःहून जाहीर करा आणि सुटा, अशी पहिली योजना १९५१ ची. मग १९६५, मग आणीबाणीतली १९७५ ची. १९८१ मध्ये काळा पैसा पांढरा करायला दहा हजारांचे विशेष धारक रोखे निघाले. ते घेणाऱ्याला, पैसा कुठून आणलास, असं विचारायचं नाही, अशी हमीच होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बहुमताने रोखे वैध ठरले, पण न्या. ए. सी. गुप्ता यांनी वेगळा निकाल लिहिला. प्रामाणिक करदात्याला मागे टाकून बुडवणाऱ्याला फायदा देणं हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असं त्यांचं मत होतं. सरकारला अशी योजना काढता येते की नाही, हा प्रश्न तेव्हा सुटला. काढावी की नाही, हा प्रश्न न्यायालयाने सोडवायचा नव्हताच. तो आपण सोडवायचा आहे.

१९९७ ची योजना तर अनेकांना आठवत असेल. सुमारे तेहतीस हजार कोटींचं उत्पन्न जाहीर झालं, दहा हजार कोटींच्या आसपास कर आला, आणि मोठं यश म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण त्यात दागदागिन्यांची किंमत १९८७ च्या भावाने धरायची मुभा होती. पगारातून महिन्याच्या महिन्याला कर कापून गेलेल्या शिक्षकाला, कारकुनाला ही मुभा नव्हती. यापुढे अशी योजना आणणार नाही, असं केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. एकोणीस वर्षांनी, २०१६ मध्ये, उत्पन्न जाहीर करण्याची पुढची योजना आली. एक गोष्ट मात्र त्या योजनेबद्दल सांगायला हवी: तिच्यात कर, अधिभार आणि दंड धरून पंचेचाळीस टक्के भरायचे होते, म्हणजे सरळ माणसापेक्षा जास्त. तत्त्व म्हणून ते १९९७ पेक्षा चांगलं होतं.

आता आपल्या राज्याकडे या. जुन्या विक्रीकर-व्हॅटच्या थकबाकीसाठी २०१६, २०१९, २०२२, २०२३ अशा योजना आल्या. आठ वर्षांत चार. एखाद्या व्यापाऱ्याने यातून काय शिकायचं? पहिल्या योजनेत ज्याने घाईने पैसे भरले त्याला २०२३ मध्ये कळलं की थांबलो असतो तर दोन लाखांपर्यंतची बाकी पूर्ण माफ झाली असती, आणि पन्नास लाखांपर्यंत वीस टक्क्यांत सुटका झाली असती. जो थांबला तो शहाणा ठरला. ही शिकवण कुठल्या नोटिसीतून दिलेली नाही, ती अनुभवातून दिलेली आहे, आणि अनुभवाची शिकवण जप्तीच्या धमकीने पुसली जात नाही.

अमेरिकेतल्या राज्यांनाही हाच अनुभव आला आहे. १९८३-८४ मध्ये मॅसॅच्युसेट्सने अशी योजना काढली आणि आठ कोटी डॉलरहून जास्त कर गोळा केला. ते यश पाहून पुढे चाळीसहून अधिक राज्यांनी तशा योजना काढल्या, कित्येकांनी पुन्हापुन्हा. पण मॅसॅच्युसेट्सने माफीबरोबरच कर बुडवण्याला गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा केला होता, वसुलीची यंत्रणा कडक केली होती, हे नंतरचे लोक विसरले. दार एकदाच उघडेल आणि मग घट्ट बंद होईल, यावर लोकांचा विश्वास बसला, म्हणून पैसे आले. दार दर तीन वर्षांनी उघडतं हे कळल्यावर आत यायची घाई कोण करेल?

"मग राजाने रयतेला सोडायचंच नाही का?" असं मला एका तरुण सरपंचाने विचारलं होतं. चांगला मुलगा आहे, मनापासून काम करतो. त्याला मी जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण त्याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. लांजा तालुक्यात प्रभानवल्ली नावाचं गाव आहे. शिवकाळात ते मोठ्या सुभ्याचं ठाणं होतं. तिथला सुभेदार रामाजी अनंत याला शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ ला पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात महाराज सुभेदाराला गावोगाव फिरायला सांगतात. कुणब्यांना गोळा कर, कुणाकडे किती बळ आहे, माणसं किती, बैल किती, हे पाहा. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैल घेऊन दे, पोटाला दाणे नाहीत त्याला दाणे दे. दिलेलं वसूल करताना वाढीदिडी लावू नको, नुसतं मुद्दल घे, तेही हळूहळू, त्याच्या अंगात ताकद येईल तसं. या कामी दोन लाख लारीपर्यंत (लारी म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) खर्च झाला तरी चालेल. आणि जुन्या बाकीबद्दल म्हणतात की जी रयतेकडून येण्यासारखी नाही, ती कोणती आणि का माफ करायला हवी, हे कळव. माफीची सनद पाठवली जाईल.

या पत्राचा आधार माफीच्या बाजूचे लोक घेतात, आणि त्यांनी तो घ्यावाच. पण पूर्ण घ्यावा. त्यात व्याज नाही. त्यात हप्ते आहेत. त्यात मुद्दलाची माफीही आहे. मात्र ती घरोघर जाऊन पाहिल्यानंतर, कारण नोंदवून, वरच्याला जबाबदार राहून दिलेली माफी आहे. सुभ्यातल्या प्रत्येकाने अर्धंच भरा, असा हुकूम त्यात नाही. सुभेदाराने आधी पायपीट करायची आहे. सरसकट माफी ही खरं तर ती पायपीट टाळण्याची सोय आहे. वाडीवर जाऊन कोण अडलेला आहे आणि कोण अडवून बसला आहे हे पाहायला वेळ नाही, किंवा ते तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून दोघांनाही एकाच मापाने मोजायचं.

गुजरातेतल्या खेडा सत्याग्रहातही हेच दिसतं. १९१८ मध्ये पीक बुडालं असताना सरकार साऱ्याची वसुली करत होतं. गांधीजींनी शेतकऱ्यांकडून सारा न भरण्याची जी प्रतिज्ञा घेतली, तिच्यात एक अट होती: सरकारने जिल्ह्यात वसुली तहकूब केली तर आमच्यातले जे भरू शकतात ते भरतील. लढा मिटला तोही याच तोडग्यावर, की ऐपत आहे त्यांनी भरावं आणि गरिबांची वसुली तहकूब व्हावी. सरकारविरुद्ध पेटलेल्या लढ्यातसुद्धा ज्याच्याकडे आहे त्याने भरायचं, हे कुणी सोडलं नव्हतं. आणि 'तहकूब' हा शब्द किती नेमका आहे पाहा. महसुलाच्या भाषेत तहकुबी वेगळी आणि माफी वेगळी. यंदा जमत नाही, पुढच्या साली घेऊ, हा मधला रस्ता आपल्या जुन्या कारभाराला ठाऊक होता. आजच्या योजनांत तो कुठे गेला?

आता चाकरमान्यांचा युक्तिवाद. तो मी टाळू शकत नाही, कारण माझे दोन्ही भाऊ मुंबईत आहेत आणि दर मे महिन्यात ओटीवर बसून हाच वाद होतो. "घर अकरा महिने बंद. पाणी वापरत नाही, कचरा करत नाही, दिवाबत्ती बघायला आम्ही नाही. मग आम्ही पूर्ण कर का भरायचा?" यात तथ्य आहे. पाणीपट्टीच्या बाबतीत तर खूपच. बंद घराची नळजोडणी तात्पुरती बंद करून पट्टी थांबवण्याची सोपी सोय प्रत्येक पंचायतीने ठेवली पाहिजे. अर्ज कुठे करायचा हेच माणसाला कळत नसेल तर तो थकबाकीदार होणारच. पण घरपट्टीचं तसं नाही. तुम्ही अकरा महिने नसता तेव्हा पाखाडी कोण दुरुस्त करतं, वहाळावरचा साकव कोण बांधतं, रस्त्यावर पडलेलं झाड कोण हलवतं? शिमग्याला पालखी तुमच्या दारी येते ती ज्या वाटेने येते, ती वाट गावाने राखलेली असते. गावात उरलेली माणसं बहुतेक म्हातारी आहेत. त्यांच्या सातशे-आठशे रुपयांवर गाव चालावं आणि मुंबईत पगार असलेल्याला निम्म्यात सोडावं, हे मला तरी भावकीला शोभणारं वाटत नाही. मोठ्या भावाने हे ऐकून गेल्या मे महिन्यात चार वर्षांची पट्टी एकदम भरली. धाकटा अजून योजनेची वाट पाहतोय.

आणि या पैशांतून कुणाचा घास जातो, हेही कुणी बोलत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शंभरातले तीस. वरून येणारा वित्त आयोगाचा निधी बराचसा बांधलेला असतो, तो कशावर खर्च करायचा हे ठरलेलं असतं. गावाच्या हातात मोकळा पैसा म्हणजे हीच घरपट्टी. आमच्याकडे एका मुलाला तीनचाकी सायकल द्यायची होती, ती दोन वर्षं रखडली, कारण पाच टक्के कशाचे काढणार, वसुलीच नव्हती. सरसकट माफीला 'गरिबांचा दिलासा' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. गरिबाची घरपट्टी लहान असते. निम्म्या माफीत त्याचे तीन-चारशे वाचतात. मोठ्या बंगल्याचे, लॉजिंगचे, किनाऱ्यावरच्या निवासांचे काही हजार वाचतात. आणि त्या हजारांतला तीस टक्के वाटा ज्यांचा होता, त्यांना तो मिळत नाही.

कोकणातला शेतकरी कर्ज बुडवत नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. कर्जमाफीच्या याद्या लागतात तेव्हा आपल्या जिल्ह्यांची नावं शेवटी असतात, म्हणून कुरकूरही करतो. ती कुरकूर रास्त होती. नियमित फेड करणाऱ्यांना पुढे महात्मा फुले योजनेतून पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, तेव्हा सरकारनेही ते मान्य केलं. मग पीककर्जात जो न्याय आपण स्वतःसाठी मागितला, तो घरपट्टीत काकूला नको का?

माझी मागणी फार मोठी नाही. आधी नमुना ८ आणि ९ वाडीवार वाचून दुरुस्त करा. पडकी घरं, दुबार खाती, मयत नावं ठराव करून काढा किंवा वारसांच्या नावे लावा. यात कुणाला माफी नाही, ही नुसती चूक सुधारणं आहे, आणि माझा अंदाज आहे की गावोगावची थकबाकी यानेच डोळ्यांत भरण्याइतकी खाली येईल. मग उरलेल्यांना व्याज-दंड सोडून मुद्दलाचे हप्ते बांधून द्या. जीएसटीच्या पहिल्या तीन वर्षांच्या प्रकरणांत केंद्राने हेच केलं. ३१ मार्च २०२५ पर्यंत कर पूर्ण भरा, व्याज आणि दंड माफ. त्यावर कुणा प्रामाणिक व्यापाऱ्याने तोंड वाकडं केल्याचं मी ऐकलं नाही. विधवा, अंथरुणाला खिळलेला, वादळात छप्पर गेलेला, अशांची मुद्दल ग्रामसभेत कारण सांगून सोडा. गाव अशा माफीला नाही म्हणत नाही, हे मी पाहिलं आहे. एकदा एका घराची नऊ वर्षांची बाकी सोडायचा विषय आला तेव्हा सगळ्यात आधी हात वर झाला तो ज्याचं त्या घराशी बांधावरून भांडण होतं त्याचा.

आणि वेळेत भरणाऱ्याची पाच टक्के सूट दहावर नेता येते का, यासाठी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी राज्याकडे जोर लावावा. सवलत द्यायला तिजोरीत पैसे आहेत ना? मग तिची सुरुवात ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्यापासून होऊ दे.

सदस्याने मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, अशी तरतूद ग्रामपंचायत कायद्यात १४ व्या कलमात आहे. निवडणूक आली की उमेदवार एका दिवसात बेबाकी करून येतात, तेव्हा कुणालाही निम्मी सूट लागत नाही. पैसे असतात, भरायचं मनावर घेतलेलं नसतं, हे त्या एका दिवसात साऱ्या गावाला दिसतं.

आमच्या ग्रामसभेत २ ऑक्टोबरला माफीचा ठराव यायचा आहे. मी अर्ज दिला आहे की मतदानाआधी थकबाकीची पानं मोठ्याने वाचावीत, नाव वाचायला संकोच वाटत असेल तर खाते क्रमांक वाचावेत, आणि प्रत्येक खात्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहावा: चूक, अडचण की टाळाटाळ. काकूला तारीख सांगून आलोय. तिला ऐकू कमी येतं, म्हणून पुढच्या बाकावर तिची जागा धरायची आहे. पावत्यांची पिशवी ती घेऊन येणार आहे.